नमुना प्रत

वस्तूची गरज लागणे आणि वस्तू हाती येणे, या दोन घटनांच्या मधल्या काळाला प्रशासन म्हणतात. हा काळ जितका लांब, तितकं प्रशासन काटेकोर.

ब्रह्मपुरीचे बापूराव हे तत्त्व एकतीस वर्षं जगले. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कार्यालयात ते भांडार शाखेला होते. (कोणत्या, ते कशाला, कार्यालय अजून चालू आहे.) त्यांच्या कारकिर्दीत एकही वस्तू चुकीची आली नाही. काही आल्याच नाहीत, पण त्या चुकीच्या आल्या असं कोणी म्हणू शकत नाही. एकदा वादळात गोदामाचं छप्पर उडालं, तेव्हा पत्रे खरेदीची फाईल त्यांनी अशी निर्दोष केली की तपासायला आलेल्या साहेबांनी ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा नुसत्या आनंदासाठी. पत्रे आले तोवर गोदाम पाडून झालं होतं. पत्र्यांत मात्र एक खोट निघाली नाही. ते अजून तिथेच रचून ठेवले आहेत, पावसात.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घराचं कार्यालय व्हायला वेळ लागत नाही. बापूरावांच्या घरी जिरं संपणार असल्याचं त्यांच्या पत्नीला, केसरबाईंना, आठवडाभर आधी कळवावं लागतं. झाडू दोन वर्षं झाल्याशिवाय निकामी ठरत नाही, मग त्याला काड्या असोत वा नसोत.

तर जून महिन्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, संघप्रियाचा, चंद्रपूरला नर्सिंगसाठी नंबर लागला. राहायला वसतिगृह मिळणं भाग होतं. ब्रह्मपुरी-चंद्रपूर रोज जाणं-येणं करायचं तर सगळं शिक्षण एसटीतच घ्यावं लागलं असतं, आणि खोली करून राहण्याइतकी पेन्शन नव्हती. म्हणजे वसतिगृह मिळालं तर नर्सिंग, नाही तर घर. अर्ज ऑनलाइन भरून झाला होता. तो छापायचा, पालकाची सही घ्यायची आणि बारा जुलैला संध्याकाळी पाचच्या आत वसतिगृहाच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्यायचा, एवढंच राहिलं होतं. पानं चौदा.

"बाबा, अर्ज तुमच्या मोबाईलवर आला हाय. जाफरभाऊच्या दुकानातून काढून आणते," संघप्रिया म्हणाली. त्या दिवशी तारीख होती पंधरा जून. जाफरभाऊंचं झेरॉक्सचं दुकान घरापासून एकशे चाळीस पावलांवर आहे. (पुढे हे अंतर अधिकृतपणे मोजण्यात आलं.)

साधासुधा बाप असता तर मोबाईल पोरीच्या हाती देऊन मोकळा झाला असता. बापूराव लांबचं पाहतात.

"चार वर्षं शिकशीन तू. कागद लागतच राहतीन. दर वेळेस दुकानात पयत जाशीन काय? घरीच प्रिंटर घेऊ. टाकीवाला. शाई भरली का झालं."

"घ्या नं बाबा. हा अर्ज तेवढा काढून आणते."

"हाच अर्ज बाहेर काढला, तं प्रिंटर काऊन पाह्यजे हे दाखवाले आपल्यापाशी राह्यते काय?"

यातला तर्क सामान्य माणसाच्या पटकन ध्यानात येत नाही, म्हणून उलगडून सांगितलेला बरा. खरेदी ही गरजेवर उभी असते. गरज भागली की प्रस्ताव आडवा होतो. म्हणून प्रस्ताव मंजूर होईपर्यंत गरज भागू न देणं, हे खरेदी करणाराचं पहिलं कर्तव्य. तहानलेल्याला पाणी पाजून बसलं तर विहिरीची फाईल बंद पडते. बापूरावांनी एक फाईल उघडली, पहिल्या पानावर "गरज : चौदा पानांचा अर्ज (प्रलंबित)" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि मोबाईलचं लॉक बदललं.

त्याच रविवारी निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष बापूराव. सदस्य केसरबाई. तांत्रिक सल्लागार म्हणून भाचा कुलदीप. हा बल्लारपूरला कागद कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भाजी चिरतो. कागद जिथे बनतो तिथला माणूस असल्याने त्याच्या नावावर दुमत झालं नाही. संघप्रियाला समितीत घेता आलं नाही, कारण ती लाभार्थी होती. लाभार्थ्याला निर्णयात घेतलं तर तो लाभाचाच विचार करतो, हा सर्वत्र आलेला अनुभव आहे. (तिने बाजूच्या मैत्रिणीकडचा एक प्रिंटर पाहून "हाच घ्या, मस्त हाय" असं दहा मिनिटांत सांगितलं होतं. दहा मिनिटांत दिलेलं मत म्हणून ते नोंदवलं नाही.)

बैठक दर रविवारी दहा वाजता बाबासाहेबांच्या तसबिरीखाली भरे. तसबिरीत पुस्तक होतं, समितीपुढे तक्ता होता. चार यंत्रं विचारात होती. निःपक्षपातीपणासाठी त्यांची नावं झाकून अ, ब, क, ड अशी अक्षरं देण्यात आली. त्यामुळे दुसऱ्या बैठकीत कोणतं यंत्र कोणतं, हे अध्यक्षांसह कोणालाच सांगता येईना आणि निःपक्षपातीपणा पूर्ण झाला.

तक्त्याला सव्वीस रकाने होते. एका बाटलीत पानं किती, बाटलीचं तोंड दुसऱ्या रंगाच्या टाकीत शिरतं का, स्कॅन होतं का, वायफाय आहे का, असले रकाने कुठल्याही घरात पडतात. या समितीचे काही खास होते. राईस मिलचा कोंडा उडून आत गेला तर काय? सत्तेचाळीस डिग्रीत शाई उकळेल काय? हा प्रश्न कुलदीपचा. त्याच्या अनुभवात रस्सा त्याहून बऱ्याच वर उकळतो, पण शाईत तिखट नसल्याने खात्रीने सांगता येत नाही, असं त्याने नमूद केलं. केसरबाईंनी एकच अट घातली: टाकी समोरून दिसली पाहिजे. "लोणच्याची बरनी कशी असते, तशी. सरत आलं का आपल्याले दिसलं पाह्यजे." सबंध प्रक्रियेत निघालेला हा एकमेव उपयोगी मुद्दा. तो सत्ताविसावा रकाना उघडता येत नसल्याने बाद झाला.

आता हा तक्ता रंगीत होता, आणि रंगीत तक्ता मोबाईलवर नीट दिसत नाही. तेव्हा प्रत्येक बैठकीआधी त्याच्या तीन प्रती जाफरभाऊंकडून छापून येत. सोबत मागच्या बैठकीचं इतिवृत्त. तीन आठवड्यांत एकूण दोनशे बारा पानं झाली. "मंग माह्याच चौदा पानांनं काय केलं?" असं संघप्रियाने विचारलं. तेव्हा बापूरावांनी शांतपणे समजावलं की हे कागद खरेदीसाठी आहेत आणि तिचा अर्ज ही खरेदीची गरज आहे, दोन्ही एकाच दुकानात नेता येत नाहीत.

जाफरभाऊंना हे कळलं तेव्हा ते प्रती कापता कापता थांबले. "बापूरावभाऊ, पोरीचा अर्ज द्या इकडे. फुकट काढून देतो. दोन मिनिटाचं काम हाय."

बापूराव ओशाळले नाहीत. घरोघरी प्रिंटर आले तर ज्याचं दुकान बसेल, तो माणूस नेमक्या याच वेळी फुकट प्रिंट देऊ करतो, हे त्यांच्या नजरेतून सुटणारं नव्हतं. तिसऱ्या बैठकीच्या इतिवृत्तात "हितसंबंधी व्यक्तीकडून प्रक्रियेवर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न" अशी नोंद झाली. इतिवृत्त छापायला जाफरभाऊंकडेच गेलं. त्यांनी ते वाचलं, तीन प्रती काढल्या आणि पैसे घेतले.

मधल्या काळात प्रिंटरसाठी जागा ठरली. यंत्राला सपाट, कोरडी, उजेडाची आणि कोणी हात न लावणारी जागा हवी, असं पत्रकात होतं. अशी जागा घरात एकच निघाली, संघप्रियाचं अभ्यासाचं टेबल. ते पंचवीस जूनला रिकामं करून घेतलं. पुस्तकं खाटेखाली गेली. प्रिंटर यायला अजून सोळा दिवस होते, पण जागा ताब्यात असलेली बरी.

तीन दरपत्रकं मागवली होती. ब्रह्मपुरीचं आलं. चंद्रपूरचं आलं. नागभीडच्या दुकानदाराने लग्नपत्रिकेच्या पाठीमागे आकडा लिहून दिला, वर शिक्काही नाही. बापूराव ते परत घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "भाऊ, घ्याचा हाय का नाई, तेवढं सांगा." बापूरावांना त्याची कीव आली. घेणं ही शेवटची पायरी असते, हे दुकानदारी करणाऱ्यांना कधी कळत नाही. शिक्का बनवून घ्यायला त्याला पाच दिवस लागले.

दहा जुलैला समितीने एकमताने "ब" निवडला. नावावरची पट्टी काढली. संघप्रियाने दहा मिनिटांत सांगितलेला तोच तो. अकरा जुलैच्या संध्याकाळी बापूराव नागभीडहून शेअर जीपमधून खोकं मांडीवर घेऊन आले. वाटेत त्यांनी ते एकदाही खाली ठेवलं नाही. पोरगी झाली तेव्हा दवाखान्यातून तिलाही त्यांनी असंच आणलं होतं, असं केसरबाई सांगतात.

"बाबा, शाई मी भरते. बाटलीवर चित्र काहाडून हाय," संघप्रिया म्हणाली.

पण शाई भरणं हे तांत्रिक काम, आणि तांत्रिक सल्लागार बल्लारपूरहून सकाळच्या गाडीने निघणार होता. संघप्रियाने पिशवी भरून ठेवली. चंद्रपूरला पाचच्या आत पोचायचं तर साडेबाराची बस ही शेवटची.

बारा तारखेला कुलदीपची गाडी उशिराने, पावणेअकराला आली. त्याने हात धुऊन, चहा पिऊन शाई भरली. यंत्र वीस मिनिटं शाई पीत राहिलं. त्या काळात कुठलंही बटण दाबू नये असं पुस्तिकेत असल्याने सगळे हात मागे बांधून उभे होते. मग संघप्रिया पुढे झाली, तशी बापूरावांनी तिला थांबवलं. भांडारात आलेली वस्तू चाचणी झाल्याशिवाय वापरायला देण्याचं पाप त्यांनी एकतीस वर्षांत केलं नव्हतं. चाचणी पानं निघू लागली. काळं. निळं. गुलाबी. पिवळं. मग सगळे रंग मिळून. बारा वाजून आठ मिनिटांनी "यंत्र समाधानकारक" असा शेरा मारून बापूरावांनी खाली सही केली. आणि बारा वाजून नऊ मिनिटांनी लाईन गेली.

बापूरावांनी आपणहून मोबाईल काढला, लॉक उघडलं आणि मुलीच्या हातात दिला. "जाफरकडे जा." त्यांचा आवाज बारीक झाला होता, हे लिहायला हवं, कारण इतिवृत्तात ते आलेलं नाही.

एकशे चाळीस पावलांवर जाफरभाऊ दुकानाबाहेर उभे होते. लाईन सगळ्या गावाचीच गेली होती. "बेटा, सकाळी काऊन नाई आली तू?" संघप्रिया तिथेच पायरीवर बसली.

लाईन एक वाजून पन्नास मिनिटांनी आली. घरच्या प्रिंटरने चौदा पानं तीन मिनिटांत काढली. दोन प्रती, एक वसतिगृहासाठी, एक फाईलला. पुढची बस सव्वादोनची होती. संघप्रिया त्या बसने गेली.

आता प्रिंटविषयी.

प्रिंट अप्रतिम आली. काळा रंग दाट, कडा कोरीव, कुठे रेघ नाही, डाग नाही. पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात संघप्रियाचा रंगीत फोटो आहे, त्यात तिच्या ओढणीवरचे ठिपकेसुद्धा मोजता येतात. ही बातमी वॉर्डात पसरायला वेळ लागला नाही. प्रिंटर घ्यायचा विचार हल्ली कोणाच्या घरात नसतो? लोक विचारायला येऊ लागले. बापूरावांनी त्यांच्यासाठी पहिल्या पानाला प्लास्टिकचं आवरण घालून "नमुना प्रत" असा शिक्का मारून ठेवला.

टाकीच्या प्रिंटरचं एक पथ्य असतं. आठवड्यातून एकदा तरी रंगीत पान काढावं लागतं, नाही तर शाई आतच वाळते. म्हणून दर रविवारी दहा वाजता, पूर्वी बैठक भरे त्याच वेळी, बापूराव एक पान काढतात. छापायला घरात दुसरं काही नसल्याने तेच पान काढतात, फोटोचं. चार वर्षं जे कागद लागणार होते, ते लागायचं कारण आता उरलेलं नाही. वसतिगृहाचं कार्यालय पाचला बंद होणार होतं आणि ते पाचलाच बंद झालं. सव्वादोनची बस पावणेसहाला पोचली. कार्यालयाचा दोष काढायला जागा नाही, आणि प्रिंटरचा तर नाहीच. केसरबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. संघप्रिया रडली नाही, तिने फक्त खाटेखालची पुस्तकं अजून वर काढलेली नाहीत. टेबलावर प्रिंटर आहे.

आजवर सतरा जण नमुना प्रत पाहून गेले. कोणी बोट फिरवून शाई पुसते का पाहिलं, कोणी उजेडात धरलं. "फोटो काय क्लिअर आला भाऊ!" असं नऊ जण म्हणाले. यातल्या चौघांच्या पुढे त्या वेळी फोटोतली मुलगी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. अर्जाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत "स्वीकारण्याची अंतिम तारीख व वेळ" छापलेली आहे, अगदी सुबक. ती वाचली फक्त जाफरभाऊंनी. त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि चहा न घेताच उठून गेले. त्यांचं दुकान बसेल म्हणून त्यांना वाईट वाटलं असावं, असं बापूराव लोकांना सांगतात. सांगताना ते कोणाकडे पाहत नाहीत.

आपणही इथवर आलात ते काही उगीच नाही. मॉडेल कोणतं, पानामागे किती पडतात, हे अजून सांगितलेलं नाही, म्हणून थोडी चुळबूळ होत असेल. संकोच नको. काळं पान बारा पैशांत पडतं, रंगीत बावीस पैशांत. मॉडेलचा नंबर बापूराव स्वतः सांगतील, नमुना प्रतही देतील. आत या, बसा. संघप्रिया चहा आणते.