बाळंतिणीच्या खोलीतली मोटार

"आमच्या सोनियाची खोली अशी गार करून दावते, का रहिमतपूरची माणसं अंगावर घ्यायला घोंगडी मागतील!"

हरणाबाईनं हे फोनवर इतक्या जोरात सांगितलं की फोन बंद असता तरी ते रहिमतपूरला पोचलं असतं. पलीकडं विहीणबाई होत्या, बनुबाई. हरणाबाईची लेक सोनिया पहिल्या बाळंतपणाला माहेरी, आटपाडीला आली होती. मांडीवर बारा दिवसांचं पोर, आणि ऊन असं की कावळासुद्धा आधी सावली शोधायचा, मग काव करायचा. पोराच्या अंगावर घामोळ्या उठल्याचं बनुबाईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी तिकडून फर्मान काढलं.

"आवं विहीणबाई, आमच्याकडं पाटाचं पाणी हाय, झाडी हाय. घरातलं लगीन उरकलं की पुढल्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी येते, आन् पोरीला बाळासंगट घेऊन जाते."

"सव्वा म्हैना व्हायच्या आत? आमच्यात बाळंतीण अशी मधनंच उठवत न्हाईत!"

"मग लेकरानं काय तव्यावर झोपायचं?"

"एसी बसवते मी! तुमी या, खोलीत बसा. घाम आला तर खुशाल न्या!"

फोन ठेवला, आणि मग हरणाबाईलाच घाम आला. एसी तिनं जन्मात एकदा बघितला होता, तो बँकेत, आणि तिथं इतकी काकडली होती की कामाचं विसरून घरी आली होती. पण शब्द गेला तो गेला. शिवाय लग्न झाल्यापासून लेक सलग अशी घरात राहिली नव्हती. दुपारी झोपेत सोनिया आईच्या पदराचं टोक मुठीत धरायची, लहानपणी धरायची तसं. ते सोडवून घ्यायला नको, म्हणून हरणाबाई तास तास एका कुशीवर पडून राहायची. तिच्यासारखी बाई तासभर गप्प पडून राहते, हे गावात कुणाला सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी नाथाजी मेकॅनिक आला. खोली बघून त्यानं डोकं खाजवलं.

"काकी, ही खोली घराच्या पोटात हाय. खिडकी न्हाई, भायेरची भिंत न्हाई. एसी म्होरल्या खोलीत बसवू की."

"बाळंतीण म्होरल्या खोलीत? येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघायला ती काय पुढारी हाय? माझ्या सासूची बाळंतपणं हितं झाली, माझी हितं झाली. वारं लागत न्हाई म्हणूनच तर ही खोली!"

"मग पाणी चढवावं लागंल. एसीचं पाणी दोन दारांच्या चौकटीवरनं मागच्या मोरीत न्यायचं, तर मोटार पायजे. बारकी."

"एसीत पाणी कुठनं आलं?"

"हवेतनं."

हरणाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. दादासोंनी छताकडं बघितलं.

"आवं ऐकलं का? चाळीस वर्सं आपण टँकरची वाट बगतोय, आन् हे डोक्यावरच होतं व्हय!"

मोटार निवडायला ती स्वतः दुकानात गेली. शेळी घेताना दात बघणारी बाई, मोटार काय फोटोवर घेणार! नाथाजीनं आधी साबणाच्या वडीएवढी एक डबी पुढं केली.

"ही भारी. आवाज अजाबात न्हाई."

"हिला मोटार म्हणतोस? आमच्या विहिरीतली सात पुरूस पाणी उचलती." हरणाबाईचं खोल-उंच मोजमाप सगळं पुरसांत, एक पुरूस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. "ही किती उचलती?"

"एक पुरूस. आपल्याला तेवढंच लागतंय काकी. एसीचं पाणी ते, ऊस न्हाई भिजवायचा!"

शेवटी तिनं जरा मोठी, टाकीवाली पसंत केली. कारण एकच. "हिला पोट दिसतंय. पोटाशिवाय कोण काम करतंय?"

नाथाजीनं एसी बसवला, त्याच्या खालीच भिंतीवर ती मोटार बसवली आणि नीट समजावून सांगितलं. पोटात पाणी साठलं की आतलं बूच तरंगून वर येतं, मोटार आपोआप चालू होते, पाणी बाहेर फेकते. पाणी फेकलं गेलं नाही आणि पोट काठोकाठ भरलं, तर एसीच बंद पडतो, म्हणजे घरात पाणी सांडत नाही. दर आठवड्याला पोट उघडून धुवायचं. आणि पाइप आहे तिथनं वर न्यायचा नाही.

"व्हय व्हय," हरणाबाई म्हणाली. "मोटारी काय आज बगतोय आमी?"

खोली गार झाली. झाली म्हणजे काय, अंगाईविना पोर झोपलं! चार दिवसांत घामोळ्या गेल्या. आता हरणाबाईनं रीतही सोडली नाही. सोनियाच्या कानाला फडकं, बाजेखाली शेगडी, आणि सकाळ-संध्याकाळ ओव्या-शेपांची धुरी. वरनं हिवाळा, खालनं उन्हाळा, मधे सोनिया.

"आई, मला नक्की काय करायचंय? भाजायचंय का गोठवायचंय?"

"गप पड. दोनी अंगाला चांगलं असतंय."

मागच्या मोरीत मात्र पाणी ठिबकत होतं, आणि ते बघून हरणाबाईच्या काळजात ठिबकत होतं. टँकर येतो चौथ्या दिवशी, आणि हे पाणी मोरीत? तिनं खाली कळशी लावली. दिवसाला कळशी भरायला लागली. बाळाची दुपटी त्यात निघायची. तिथं थांबली असती तर ही गोष्ट झालीच नसती. पण बुधवारी, म्हणजे विहीण यायच्या आदल्या दिवशी, कळशी उचलता उचलता तिला सुचलं.

"आवं, हा पाइप माडीवरच्या टाकीत सोडा."

"आगं, नाथाजी म्हणला हुता, वर न्यायचा न्हाई."

"नाथाजीला काय कळतंय? उद्या विहीणबाई आल्या की मी नळ सोडणार. म्हणणार, घ्या, हे हवेतलं पाणी! पाटाचं कवतिक सांगत्यात! आमी आभाळातनं थेट काढतोय म्हणावं!"

बायकोपुढं दादासोंचं कधी काही चाललं नव्हतं. ते शिडी घेऊन माडीवर गेले आणि जादाचा पाइप जोडून टाकीत सोडून आले.

गुरुवारी भर दुपारी एसी बंद! हरणाबाईनं रिमोटची सगळी बटणं दाबली. मग थोडं थांबून जोरात दाबली. एसीचा डोळा नुसता मिचमिचला. खालची मोटार घर्रर्र घर्रर्र करत होती, दम्याच्या माणसासारखी. नाथाजीला फोन लावला, तर तो जतला, मेहुण्याच्या हळदीत.

"काकी, पाइप हलवला का कुणी?"

आता इथं खरं सांगायचं की नाही? पण दादासो शेजारीच उभे. त्यांच्यापुढं चूक कबूल करायची म्हणजे पुढली तीस वर्षं ऐकून घ्यायचं.

"छ्या! बोटबी लावलं न्हाई!"

"मग मोटारीनं हवा धरली असंल. सांजच्याला येतो. तवर हात लावू नगा!"

तेवढ्यात दारात रिक्षा वाजली. बनुबाई! हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, अंगावर मोरपंखी काठापदराचं नवं लुगडं. नातू बघितला, दृष्ट काढली आणि बरोबर एसीखालच्या खुर्चीत बसल्या. बसल्या त्या कपाळाला हात लावून बघत.

"बंद हाय व्हय?"

"दुपारची त्याला इश्रांती देतो आमी," हरणाबाई म्हणाली. "सारखं गार बाळंतिणीला सोसत न्हाई."

मोटार: घर्रर्र!

"आन् हे कोण घोरतंय?"

"सोनियाचे बाबा. पलीकडल्या खोलीत पडल्यात."

"रामराम विहीणबाई!" म्हणत दादासो समोरच्या दारातून आत आले.

सोनियानं तोंडात दुपट्याचा बोळा घातला. बनुबाई पदरानं वारा घ्यायला लागल्या. खोलीत शेगडी, खिडकी नाही, चार माणसं. पोर आधी कुरकुरलं, मग लाल झालं, मग त्यानं असा टाहो फोडला की बनुबाई उठल्याच.

"सोनिया, कपडे भर. साडेतीनची गाडी गावती."

सोनियानं आईकडं बघितलं. तेवढंच. हरणाबाईनं पदराचं टोक चाचपलं. साडेतीन! म्हणजे उद्या दुपारी ही बाज रिकामी, आणि पदर मोकळा.

"दोन मिनिटं! आवं दोनच मिनिटं बसा!" ती ओरडली. बनुबाई बसल्या.

हवा धरली म्हणजे काय करायचं, हे हरणाबाईला कुणी शिकवायला नको होतं. रानातल्या मोटारीनं हवा धरली की वरून पाणी ओतून तिचं पोट भरायचं, मग ती पाणी ओढते. हे तिनं हजार वेळा केलं होतं. ती तांब्या भरून आली, स्टुलावर चढली, मोटारीचं झाकण काढलं आणि तांब्या उपडा केला.

आधीच काठोकाठ भरलेलं पोट ते! सगळं पाणी भिंतीवरून उलटलं ते सरळ बनुबाईंच्या डोक्यावर. नुसतं पाणी असतं तर एक वेळ. इतक्या दिवसांची धुरीची काजळी एसीतून गळत त्या पोटात साठली होती, आणि पोट एकदाही धुतलं नव्हतं. बनुबाईंच्या कपाळावरून काळे ओघळ नाकाशी आले, आणि खोलीभर ओव्याचा वास सुटला.

रडणारं पोर एकदम थांबलं.

हरणाबाई स्टुलावर, हातात तांब्या. तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा खरं तेवढंच बाहेर पडलं.

"मीच केलं विहीणबाई. काल पाइप मीच माडीवर नेला. तुमाला दावायचं हुतं, आमच्याकडंबी पाणी हाय म्हणून. कवा न्हवं ते कुणाला पाणी दावावं वाटलं." तिनं रिकामा तांब्या पोटाशी धरला. "पोरगी न्यायची तर न्या. पर आमची खोली गार असती. माझंच डोकं तापतंय."

बनुबाईंनी लुगड्याच्या पदरानं आधी डोळे पुसले, मग नाक. वर बघितलं.

"आधी खाली उतरा. पडचाल."

हात त्यांनीच दिला. हरणाबाई उतरली, आणि दोघी काळ्या थारोळ्यात समोरासमोर उभ्या राहिल्या. मग सोनियाचा बोळा सुटला. "आई गं, हसवू नका, टाके दुखत्यात!" तिचं बघून बनुबाई हसल्या. त्यांच्या दातांनासुद्धा काजळी लागली होती, ते बघून हरणाबाई हसायला लागली, आणि मधेच रडायला लागली, आणि ते कुणाला कळू नये म्हणून आणखी जोरात हसली.

दादासो न सांगता माडीवर गेले. पाइप खाली मोरीत आला, मोटारीनं घटाघटा पोट रिकामं केलं, आणि चार-पाच मिनिटांनी एसीनं "टिंग" करून डोळा उघडला. ओल्या लुगड्यानिशी बनुबाई त्याच्याखाली डोळे मिटून बसल्या. साडेतीन वाजले. पावणेचार वाजले.

"मग?" हरणाबाईनं दबकत विचारलं. "काय ठरलं म्हणायचं?"

"हिला न्यायची न्हाई."

हरणाबाई तडक स्वयंपाकघरात गेली. रवा भाजायला लागली. रव्यात दोन थेंब पडले, ते घामाचे होते असं ती अजून सांगते.

"पर नातवाला सोडून माझाबी पाय निगंना," आतून बनुबाई म्हणाल्या. "आठ दिस ऱ्हाते."

"ऱ्हावा की! तुमचंच घर हाय!"

संध्याकाळी नाथाजी आला, मोटारीचं पोट बघितलं आणि काकीला असं झापलं की दादासोंनी त्याला दोन वेळा चहा दिला. तेव्हापासून दर शुक्रवारी हरणाबाई पोट उघडते, जुन्या दात घासायच्या ब्रशनं कोपरे घासते, बुचाला बोटानं वर-खाली करून बघते, आणि नातवाला न्हाऊ घालावं तसं कोमट पाण्यानं धुते. शेगडी, धुरी आता बाहेरच्या खोलीत.

विहीणबाई राहिल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शिऱ्याची ताटली घेऊन ती खोलीच्या दारात आली. बाजेवर सोनिया, तिच्या कुशीत पोर, खाली चटईवर बनुबाई. तिघंही गाढ. पोराच्या गालाला घामाचा टिपूस नाही. हरणाबाई उंबऱ्यात बघतच राहिली. पाठीला स्वयंपाकघराची धग लागत होती, तोंडावर गार झुळूक येत होती.

बनुबाईंनी एक डोळा उघडला.

"विहीणबाई, आत या, न्हाईतर भायेर जावा. दार उघडं ठिवू नगा, गारवा जातोय!"

आत चटईवर दुसरी जागाच नव्हती. हरणाबाईनं ताटली उंबऱ्याच्या आत सरकवली, आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं, आणि भर उन्हाळ्यात स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच एसीच्या बाहेर उभं राहून मनातल्या मनात दोनदा म्हणून घेतलं, "माझंच घर हाय. माझंच घर हाय."