सेतुराव आणि फलाटाची फट

सेतुराव गाडीत चढण्यापूर्वी गुडघ्यांवर हात टेकून वाकतात आणि फलाट नि डबा यांच्यामधल्या फटीत डोकावतात. मागे माणसं खोळंबतात, "पोंग सार, पोंग" म्हणून ढकलाढकली होते. सेतुराव ढिम्म. "बघितल्याबिगर पाऊल टाकणार नाही मी. सरी?" असं त्या तमिळ गर्दीला मराठीत, फक्त शेवटचं 'ठीक?' तमिळमध्ये, सांगून मगच चढतात.

आमची ओळख एग्मोर स्टेशनवर झाली. यांचं काहीतरी पडलंय असं वाटून मीही मदतीला वाकलो, आणि माझ्या खिशातला फोन थेट रुळांत गेला. तोंडातून सांगलीकडची एक अस्सल शिवी निघाली. सेतुराव ताठ उभे राहिले. चेहरा असा, की जुन्या रेडिओवर अचानक स्टेशन लागावं.

"तुमी मराठी?"

ती गाडी गेली. पुढचीही गेली.

सेतुराव तंजावरकडच्या मराठी घरातले. मराठी बखरीतलं, हेल तमिळ. बायको गेली, मुलगी तमिळ बोलते, नातवंडं इंग्रजी. "मराठी आता माझ्या तोंडातच राहाते," ते म्हणाले, "बाहेर आली तर घरात कुणी वळखत नाही."

मग दर रविवारी तिरुवल्लिकेणीत त्यांच्याकडे माझी कॉफी ठरली. आठवडाभराचं बोलणं ते साठवून ठेवत. भाजीवाल्याशी भांडण, दुखरा गुडघा, सगळं. मी हुं हुं करायचो आणि घरी येऊन सांगलीच्या मित्रांना फोनवर त्यांची नक्कल करून दाखवायचो. नक्कल हुबेहूब व्हायची. ते आठवलं की आता कान गरम होतात.

सेतुराव रेल्वे सुरक्षेच्या कार्यालयात नोकरीला होते. मी नवं स्टेशन बांधणाऱ्या कंपनीत. स्टेशन वळणावर, त्यामुळे फलाटाची फट नियमापेक्षा रुंद झालेली. कडा फोडून पुन्हा बांधायची तर उद्घाटन लांबणार. म्हणून रेल्वेनं सेतुरावांच्या कार्यालयाकडे नियमातून सूट मागितली, आणि अर्जाचा मसुदा अस्मादिकांनी केला. असा अर्ज आला की त्यांचं कार्यालय विचारतं: सूट किती काळ हवी? तोवर धोका कसा आवरणार? नियम पाळणं अशक्य आहे, की नुसतं त्रासाचं? पहिल्या प्रश्नाला मी ऐटीत लिहिलं, 'पुढील आदेशापर्यंत'. दुसऱ्याला, 'फलक लावू'. तिसरा मी मोठ्या कौशल्यानं विसरलो.

आणि रविवारी कंदी पेढे घेऊन हजर झालो.

"सेतुराव, त्या वळणावरच्या स्टेशनचा अर्ज आलाय ना तुमच्याकडे? माझाच आहे. आपल्या माणसाचं काम म्हणून जरा बघा की."

त्यांनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला. पेढ्यांचा पुडा हलकेच माझ्याकडे सरकवला.

"म्हणून येत होता काय तुमी?"

"छे, छे. अर्ज तर आत्ता आलाय."

"सरी." त्यांनी पुडा आणखी थोडा सरकवला. "अर्जदाराशी घरी बोलणं आमच्यात चालत नाही. उद्या साहेबांना सांगणार मी, हे येऊन गेले, असं बोलले म्हणून. निकाल होईतो येऊ नका."

"किती दिवस लागतील?"

"ते तुमीच लिहिलाय ना, पुढील आदेशापर्यंत."

दाराशी आल्यावर ते हळूच म्हणाले, "फट नीट केली तर अर्जच लागणार नाही. लवकर होईल सगळं."

माणूस रागावला, असं मी धरून चाललो. कचेरीत त्याला 'तत्त्वनिष्ठ म्हातारा' म्हणून मोकळा झालो.

पुढच्या रविवारी मरीनाच्या किनाऱ्यावर फिरत होतो. सेतुराव एका बाकावर एकटेच. मला पाहिलं आणि तोंड समुद्राकडे फिरवलं. मी निमूट शेजारच्या बाकावर बसलो. उकडलेले चणे विकणारा सुंडलवाला आला. सेतुरावांनी पुडी घेतली आणि त्याच्याशी मराठीत बोलायला लागले.

"गुडघा बरा हाय आता. मुलीचा फोन आला नाही. काल आमटी केलतों, खारट झाली. एकट्यानं किती खाणार?"

"एन्न सार?" सुंडलवाला गोंधळून म्हणाला.

सेतुराव बोलतच राहिले. अर्जाबद्दल चकार शब्द नाही. तोंड सुंडलवाल्याकडे, आवाज मात्र शेजारच्या बाकापर्यंत पोचेल एवढा. माझी मान वर होईना.

सुंडलवाला कंटाळून निघून गेला. सेतुरावांनी पुडी संपवली. मग हात वर करून त्यांनी चकल्या विकणाऱ्या मुरुक्कूवाल्याला बोलावलं.