हिरव्या सपाता

निवृत्त मुख्याध्यापक त्सुनेओ ओकिता जपानमधल्या नारा शहरातल्या बाराशे वर्षांच्या देवळाच्या सोप्यात शौचालयातल्याच सपाता घालून परतले. त्यांचा हा शेवटचा धडधाकट दिवस आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. सपाता मात्र सगळ्यांना दिसल्या. हिरव्यागार, वर ठसठशीत अक्षरांत ‘शौचालय’.

त्या दाराशी काढून देवळाच्या तपकिरी सपाता घालायच्या, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ओकितांनी तर उभा जन्म शाळेत हेच शिकवलं होतं.

त्यांची मुलगी मिहोको चरकली. सांगावं तर पंचाईत. एका समारंभात कोटाचं बटण चुकीच्या काजात गेलेलं कुणीतरी दाखवून दिलं, तेव्हापासून त्यांनी त्या सभागृहाचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि या देवळात ते दर महिन्याला तिच्या दिवंगत आईसाठी उदबत्ती लावायला येत. इथल्या गुळगुळीत खांबांवर हात फिरवल्यावरच त्यांचा चेहरा सैल व्हायचा.

वृद्ध भिक्षू गेनशो चहा घेऊन आले. त्यांची नजर ओकितांच्या पायांशी क्षणभर थांबली. आलोच, म्हणून ते आत गेले आणि हिरव्या सपाता घालून परतले. ते पाहून फुलं रचणाऱ्या दोन म्हाताऱ्याही निमूटपणे उठून आत जाऊन आल्या. थोड्या वेळाने शौचालयासमोर एक पाहुणा नुसत्या मोज्यांवर ताटकळत उभा होता.

अखेर ओकितांनी खाली पाहिलं. भिक्षूंच्या पायांकडे. मग मुलीच्या कानाशी लागले.

“मिहोको, खाली बघू नकोस. गुरुजींनी शौचालयातल्या सपाता घातल्यात. त्या बायकांनीसुद्धा. वय झालं गं बिचाऱ्यांचं. तू काही बोलू नकोस हं.”

जन्मात कुणाची चूक पोटात न घातलेला माणूस हे बोलत होता. निघताना गेनशोंनी त्यांना छताची तुळई दाखवायला घेतली, आणि वर पाहणाऱ्या बापाच्या पायांतल्या सपाता मिहोकोने खाली वाकून अलगद ओढून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा ओतता ओतता ओकिता गेले.

बौद्ध रिवाजाप्रमाणे मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवशीचे विधी देवळात आटोपल्यावर गेनशोंनी मिहोकोच्या हाती एक पोस्टकार्ड ठेवलं. सपातांच्या त्या दिवशी संध्याकाळी ओकितांनी टाकलेलं. अक्षर फळ्यावरच्यासारखं नेटकं होतं.

‘बसमध्ये लक्षात आलं. पहिल्या सपाता माझ्याच होत्या. आपण सगळ्यांनी मला सोबत केलीत, आभारी आहे. पुढच्या महिन्यात येतोच. मला कळलं हे मिहोकोला मात्र सांगू नका. ते लपवायला पोरीने फार धडपड केली.’

मिहोकोला हसू आवरेना. मग तिने ते पोस्टकार्ड वडिलांच्या फोटोपुढे ठेवलं. त्यांच्या घरात जी गोष्ट कुणी कुणाला बोलून दाखवत नसे, ती तिने फोटोकडे पाहत, फुलं रचणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितली.

“बाबा, तुम्ही मला फार आवडता. चुका काढतानासुद्धा.”