राणीसाहेबांची मिजेट

धावत्या डब्याच्या चाकाचा आवाज ऐकून, डोळे मिटून, कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस आहे मी! जयपूरच्या रेल्वे डेपोत कोणालाही विचारा, दिनकररावांचा कान म्हणजे काय चीज आहे! तेव्हा चोवीस डब्यांची गाडी ज्याच्या सहीशिवाय फलाटावर लागत नाही, त्याला एवढीशी मोटार दुरुस्त करायला कितीसा वेळ लागणार?

"सहा महिने!" मी माझ्या बायकोला, मंदाकिनीला ठणकावून सांगितलं.

चार वर्षं लागली. पण ते नंतर.

झालं असं, की पाण्याच्या टाकीचे पाइप घ्यायला मी मुरलीपुऱ्यात सुखदेवजींच्या गोडाउनमध्ये गेलो होतो. मागच्या शेडमध्ये पाइपांच्या ढिगाआड काहीतरी लांबट, बुटकं आणि गंजलेलं पडलं होतं. त्यात एक शेळी बसली होती, आणि तिच्यासमोर स्टिअरिंग होतं! मी जवळ गेलो. बॉनेटवरची धूळ रुमालाने पुसली आणि खालचं नाव वाचलं. एमजी मिजेट! एकोणीसशे बासष्ट सालची! अस्सल विलायती स्पोर्ट्स कार, वरचं छप्पर उघडणारी! म्हणजे छप्पर उंदरांनी कधीच उघडलं होतं, पण मुद्दा समजून घ्या.

"सुखदेवजी, ही कोणाची गाडी?"

"हमारे पिताजी ने ली थी साहब," सुखदेवजी पाइप मोजता मोजता म्हणाले. "उससे पहले रानीजी की थी. रानीजी खुद चलाती थी."

राणी! जयपूरची राणी! स्वतः चालवायची! माझ्या डोळ्यांपुढे पदर उडवत, गॉगल लावून वाऱ्यावर स्वार झालेली राणीसाहेब उभी राहिली. पुढचं मी काहीच विचारलं नाही. इतिहासाचा हाच तर फायदा आहे, कमी विचारलं की जास्त भव्य होतो.

शेळीला खाली उतरवायला अर्धा तास गेला. सौदा केला आणि गाडी टेंपोत घालून वैशाली नगरला घरी आणली. मंदाकिनी दारातच उभी होती.

"पाइप कुठायत?"

"अगं, पाइप काय घेऊन बसलीस! ही बघ, राणीची गाडी!"

तिने गाडीभोवती एक फेरी मारली. सीटवरची लेंडी उचलली, मला दाखवली आणि म्हणाली, "राणीची?"

आमची सावनी जयपूरचीच वाढलेली, आता नोकरीला लागलेली. तिचं मराठी हिंदीच्या आधाराने चालतं. ती म्हणाली, "बाबा, मतलब... ही गाडी चलते की फक्त दिसते?"

"चालेल!" मी म्हणालो. तेव्हाच गाडीचा दरवाजा निखळून तिच्या पायाजवळ पडला.

डेंटिंगसाठी मी कोपऱ्यावरच्या इकरामभाईंना गाठलं. इकरामभाईंनी आयुष्यभर रिक्षा आणि जीपगाड्या दुरुस्त केल्या होत्या, पण आत्मविश्वासात ते माझ्यापेक्षा तसूभरही कमी नव्हते. त्यांचं एकच वाक्य, "हो जाएगा!" इंजिन जाम आहे. हो जाएगा! फरशी सडलीये. हो जाएगा! फरशीचं तर खरंच झालं. मी सीटवर बसून स्टिअरिंग धरून फोटो काढत होतो, तेवढ्यात तळाच्या पत्र्याने प्राण सोडला आणि मी सीटसकट अंगणात बसलो! वरून बघणाऱ्याला वाटलं असतं, एका गृहस्थाने गाडी फ्रॉकसारखी घातलीये.

रंग खरवडायला घेतला तर थरावर थर! वर निळा, त्याच्याखाली पिवळा, त्याच्याखाली हिरवा. मी कुठलाच ठेवला नाही. राणीची गाडी म्हणजे किरमिजीच हवी, नाही का? दारावर राजचिन्ह पाहिजे म्हणून ट्रकमागे शेर लिहिणाऱ्या पेंटरकडून सोनेरी हत्ती काढून घेतला. हत्तीचा पेंटरला फारसा सराव नव्हता. सोंड होती म्हणून हत्ती म्हणायचं, इतकंच.

वायरिंग मी स्वतः केलं. सगळं चोख! फक्त ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा.

"हो जाएगा," इकरामभाई म्हणाले. ते मात्र शेवटपर्यंत झालं नाही.

गाडी घडत होती तसा तिचा इतिहासही घडत होता. पहिल्या वर्षी मी महाराष्ट्र मंडळात एवढंच सांगितलं, की गाडी एका राणीची होती. दुसऱ्या वर्षी ती राणी शिकारीला जाऊ लागली. चौथ्या वर्षी गणपतीत मंडळाचे अध्यक्ष प्रभाकरराव यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पण दिनकरराव, नेमकी कुठली राणी?"

सगळी मंडळी मोदक हातात धरून माझ्याकडे बघायला लागली.

"नाव उघड करायचं नाही, असा घराण्याचा शब्द आहे," मी आवाज खाली आणून म्हणालो.

कोणाचा शब्द? कुठलं घराणं? मला काय माहीत! पण काय सांगू, टाळ्या पडल्या! प्रभाकररावांनी तिथेच जाहीर केलं, की यंदाच्या विंटेज रॅलीत, वारसा विभागात, मंडळातर्फे दिनकररावांची गाडी उतरणार. त्या विभागात परीक्षकांसमोर उभं राहून गाडीचा इतिहास सांगावा लागतो. गाडी आणि इतिहास, दोन्हींना गुण.

सावनीने गाडीचा व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकला. 'महारानी की स्पोर्ट्स कार, वैशाली नगर में!' तो म्हणे जयपूरभर फिरला. मी खूश! नको तिथेही फिरला, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

रॅलीच्या सकाळी एका हॉटेलच्या मैदानावर गाड्या रांगेत लागल्या. काय एकेक गाड्या! त्यांचे मालक मात्र टी-शर्ट घालून कचोरी खात होते. मी अचकन घालून आलो होतो. डोक्यावर जोधपुरी साफा, त्याचं शेपूट पाठीवर. राणीच्या गाडीला शोभायला नको? साक्षीदार म्हणून मी सुखदेवजींनाही मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मंदाकिनी गाडीशेजारी उभी होती आणि आपण माझ्या कोणी नाही, असा चेहरा तिने केला होता.

मुख्य परीक्षक आले. उंच, करारी, पांढऱ्या मिशांचे निवृत्त कर्नल. मी घसा साफ केला.

"सर, ही गाडी विलायतेहून जयपूरच्या राजवाड्यात आली. राणीसाहेब पहाटे स्वतः ही गाडी घेऊन..."

"कुठल्या राणीसाहेब?" कर्नलनी थेट विचारलं.

"नाव सांगता येत नाही, सर. घराण्याचा शब्द आहे."

"त्यांना विचारून घेऊ या. आहेत कुठे त्या?"

मी साफा किंचित वाकवला आणि जड आवाजात म्हणालो, "राणीसाहेब आता या जगात नाहीत."

"कौन बोला?"

माझ्या मागून आवाज आला. वळून बघतो तर चार फूट आठ इंचांच्या एक आजीबाई! सुती साडी, पायांत पांढरे बूट, हातात काठी. वय ऐंशीच्या पुढेच. पण नजर अशी, की एक्स-रे मशीनने लाजावं!

माझे साक्षीदार सुखदेवजी धावत पुढे आले आणि थेट त्यांच्या पायांवर वाकले. "अरे, रानीजी! पगे लागूं!"

"ह्या... राणी?" मी पुटपुटलो.

"हां साहब! रानीजी! डॉक्टरनीजी!"

"पण तुम्ही तर म्हणाला होतात, राणीची गाडी..."

"वही तो! रानीजी की! राजा की रानी मैंने कब बोला?"

हे सगळं हिंदीत झालं, पण पुढचं मी तुम्हाला मराठीतच सांगतो. माझी फजिती निदान आपल्या भाषेत तरी व्हावी. बाईंचं नाव डॉक्टर मीराबाई, सावनीचा व्हिडिओ बघून आलेल्या. 'रानी' हे त्यांचं घरातलं नाव, आणि पेशंटही त्यांना तसंच हाक मारायचे. वडील इमारतींचे ठेकेदार. त्यांनी कलकत्त्यात, मायदेशी परत निघालेल्या चहाकंपनीच्या एका इंग्रज साहेबाकडून ही गाडी लेकीसाठी घेतली, ती डॉक्टर झाली म्हणून.

मीराबाईंनी गाडीकडे बघितलं. काठीने हळूच चाकाला स्पर्श केला, बॉनेटवरून हात फिरवला. मग दारापाशी आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या हिरव्या गाडीवर हे डुक्कर कोणी काढलं?"

मंदाकिनी हसली. मोठ्याने! लग्नानंतर इतकं मोकळं हसताना मी तिला पहिल्यांदाच बघत होतो.

"परीक्षक कोण आहे?" मीराबाईंनी विचारलं. कर्नल पुढे झाले. बाईंनी चष्मा वर करून त्यांना न्याहाळलं. "तू कमलाचा मुलगा ना? उलटा होतास तू. पायाकडून आलास. फार त्रास दिलास आईला!"

सगळ्या मैदानासमोर कर्नल लाल झाले. आणि पुढच्याच क्षणी तो सहा फुटी माणूस खाली वाकून त्यांच्या पाया पडला!

मग मीराबाईंनी गाडीचा इतिहास सांगितला. शिकार नाही, राजवाडा नाही. सीकर रस्त्याच्या गावागावांत बाळंतपणं करायला त्या या गाडीने जायच्या. शेजारी नर्स, मागे सामानाची पेटी. अडलेल्या बाईला शहरात आणायचं झालं, की नर्स मागच्या दुमडलेल्या छपरावर बसायची. एकदा तर वाटेतच, याच सीटवर, एक मुलगी जन्माला आली. गाडीतून बाई उतरली तर गावकरी म्हणायचे, मर्द कुठाय? पुढे गुडघे दुखायला लागले, इतकं खाली बसवेना, म्हणून गाडी सुखदेवच्या वडिलांना दिली. "त्या दिवशी घरी येऊन रडले मी," त्या म्हणाल्या. "आई गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते."

मी साफ्याचं शेपूट हातात घेऊन पिळत होतो. खरं सांगतो, चार वर्षं मी त्या सीटवरचा फोम बदलत होतो, पण तिथे कोण बसलं असेल हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

"आता तुम्ही गाडी चालवत नाही?" मंदाकिनीने विचारलं.

"मुलगा चालवू देत नाही. संग्राम. म्हणतो, आई, तुझं वय झालं. लायसन्स आहे माझं, डॉक्टरी तपासणीसकट! किल्ली नाही. कुठेतरी लपवून ठेवलीये गाढवाने."

मंदाकिनीने माझ्या अचकनीच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली. मला विचारलं? छे!

मी म्हणालो, "अहो, पण ती चटकन सुरू होत नाही! मला सकाळी..."

मीराबाई गुडघ्यांना दटावत, मंदाकिनीचा हात धरून आत बसल्या. चोक अर्धा ओढला, किल्ली फिरवली आणि गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. शेजारच्या सीटवर मंदाकिनी केव्हा बसली, ते मला कळलंच नाही.

"डॉक्टरसाहेब सगळ्यांत पुढे!" कर्नलनी झेंडा फडकवला.

आणि माझी गाडी गेली! मागून एकेक करून साऱ्या विंटेज गाड्या निघाल्या. मी मैदानात, सुखदेवजींच्या शेजारी.

रॅली मोठ्या रस्त्याने सरळ जायची होती. पहिल्याच चौकात मीराबाईंनी गाडी डावीकडे वळवली. सोडाल्याच्या गल्ल्यांकडे! पुढची गाडी वळली म्हणून मागची वळली, तिच्यामागची वळली, आणि बघता बघता सगळी रॅली वाट सोडून सोडाल्याच्या भाजीबाजारात शिरली! मी ई-रिक्षात उडी मारली. "भैया, त्या गाड्यांच्या मागे!" साफा सुटून बाहेर लोंबत होता. कांदेवाले, हातगाड्या, गायी, त्यांच्यामधून मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या संस्थानिकांच्या मोटारी! आणि सगळ्यांत पुढून माझा हॉर्न ऐकू येत होता. बाई बिचाऱ्या ब्रेक दाबत होत्या. लोक मात्र हॉर्न ऐकून बाजूला होत होते. कधी नव्हे ते सोडाल्यात कोणालाही धक्का लागला नाही!

एका दुमजली घरासमोर मिरवणूक थांबली. हॉर्न वाजत राहिला, कारण बाईंचा पाय ब्रेकवर होता. गॅलरीत एक पोक्त, टक्कल पडलेले गृहस्थ बाहेर आले. बनियन, तोंडात टूथब्रश.

"आई?" ते ओरडले. ब्रश खाली पडला.

मीराबाईंनी मान वर केली. "संग्राम, ती किल्ली राहू दे तुझ्याकडेच. मला दुसरी मिळाली!"

सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. मागच्या गाड्यांचे मालकही हॉर्न वाजवायला लागले. संग्रामजी बनियनवरच खाली धावत आले, आईचे हात हातात घेतले आणि हसत हसत डोळे पुसू लागले. तेवढ्यात मी ई-रिक्षातून उतरलो, धापा टाकत, अर्धा साफा गळ्यात.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बँडवाले का? अजून कोणी बोलावलं नाही, भैया."

पहिलं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला, मीराबाई आणि मंदाकिनी, दोघी गाडीत. प्रभाकररावांनी तो मंडळाच्या फलकावर लावला. फोटोच्या कडेला माझं कोपर दिसतं. नीट बघितलं तर.

हल्ली दर रविवारी मीराबाई आमच्याकडे येतात आणि मंदाकिनीला गाडी शिकवतात. दोघी लांब जातात, कधी आमेरच्या बाजूला, कधी सीकर रस्त्याला. मी स्कूटरवर मागून जातो, हत्यारांची पिशवी घेऊन, कारण गाडी मधूनच बंद पडते. पडली, की दोघी माझ्याकडे वळून बघतात. मी स्कूटर कडेला लावतो, बाह्या सरसावतो आणि ढकलायला लागतो. ढकलत ढकलत बरंच अंतर जातं. मग एकदाचं इंजिन धडधडतं, दोघी हात हलवतात आणि भुर्रकन निघून जातात.

आणि मी उन्हातून उलटा चालत निघतो, स्कूटर आणायला!