गरजेची दहा किलो मिरची

आमचे यशवंतमामा कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी ती बोटाच्या पेराने ठोकून बघतात. कलिंगड, माठ, दार, देव्हारा, काहीही. चाळीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर ओतीव माल कातण्यात गेली, त्यामुळे आत चीर आहे की माल भरीव आहे, हे त्यांना आवाजावरून कळतं. ते माझ्या बायकोचे सख्खे मामा. लग्नाच्या बोलणीच्या वेळी त्यांनी माझ्या पाठीवर तीनदा ठोकलं आणि बाहेर जाऊन सांगितलं, "आवाज जरा बद्द येतोय, पण चालून जाईल." बावीस वर्षं झाली, हा अहवाल आमच्या घरी अजून अधूनमधून वाचून दाखवला जातो.

या बावीस वर्षांत मामांनी मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. जावई म्हणून मी कायमचा 'पावणं'.

अशा माणसाला स्वतःच्या कारखान्यातली चीर मात्र ऐकू आली नाही. कर्ज काढून मोठं मशीन घेतलं, ज्या कंपनीच्या भरवशावर घेतलं तिने काम देणं बंद केलं, आणि दोन वर्षांत बँकेची माणसं मशीन उचलायला आली. मशीन ट्रकवर चढत असताना मामा पुढे झाले आणि त्यावर एकदा ठोकलं. "भरीव हाय. सांभाळून न्ह्या," म्हणाले.

शेवटी नादारीचा अर्ज टाकायचं ठरलं. म्हणजे, माझ्याच्याने आता देणी फिटत नाहीत, असं कोर्टापुढे लिहून द्यायचं. ठरलं त्या दिवसापासून मामांचं बोलणं 'व्हय' आणि 'न्हाय' एवढ्यावर आलं. तशातच एप्रिलमध्ये त्यांच्या इन्कम टॅक्सचा रखडलेला परतावा खात्यावर जमा झाला. एकसष्ट हजार. रिटर्न मी भरला होता. मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि माझ्या हातून बरोबर झालेलं ते बहुधा एकमेव काम.

वकीलबाईंनी मामांना समोर बसवून समजावलं, "मामा, अर्ज टाकायच्या आधी हे पैसे गरजेच्या गोष्टींवर खर्च करायला हरकत नाही. औषधं, किराणा, चष्मा. पण प्रत्येकाची पावती हवी. कुणा एकाचंच देणं गुपचूप भागवायचं नाही, कुणाला भेटी द्यायच्या नाहीत. कोर्ट विचारतं."

दुसऱ्या दिवसापासून मी आणि माझी स्कूटर मामांच्या सेवेत रुजू झालो. मामींची सहा महिन्यांची ब्लडप्रेशरची औषधं आली, मामांचा चष्मा झाला, गॅसची शेगडी बदलली. पावत्या मामा शर्टाच्या आतल्या खिशात ठेवत आणि वर हात दाबून चालत. मंडईत त्यांनी कोथिंबिरीच्या जुडीची पावती मागितली.

"पाल्याची येगळी देऊ का देठांची येगळी?" भाजीवालीने विचारलं.

"येकच द्या. पर सही करा."

तिने माझ्याकडे बघितलं. "ओ पावणं, ह्यांस्नी उन्हातनं घरला न्ह्या आदी."

चौथ्या दिवशी मामांनी मिरचीच्या दुकानात दहा किलो मिरची तोलायला सांगितली.

आता, उन्हाळ्यात एकदाच करून वर्षभर पुरवायची कांदा-लसणाची चटणी ही गरज आहे, हे कोल्हापूरचा कुणीही माणूस कोर्टात शपथेवर सांगेल. पण घरात माणसं दोन. त्यातल्या मामींना डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं.

"मामा, दोन किलो खूप झाली की."

"पावणं, तुमी गाडी चालवा. चटणीतलं तुमास्नी काय कळतंय?"

खरंच कळत नव्हतं. चटणी कांडायला डंकावर गेलो तेव्हा मामांनी मिरचीचे चार वाटे केले आणि डंकवालीला एकेक घाणा समजावून सांगू लागले. "ह्यो आमचा. ह्यात बेडगी जास्त, किसनची पोरं बारकी हायती. ह्यात खोबरं वाढवा, सलीमच्या आईला लागतंय. आन् ह्यात लवंगी. शंकरला मूळव्याध हाय, पर जाळ लागल्याबिगर भाकरी खाली उतरत न्हाय त्येच्या."

किसन, सलीम आणि शंकर हे मामांचे तीन कामगार. त्यांच्या घरची वर्षाची चटणी मालकाच्या घरून जायची, ही वीस वर्षांची रीत. कारखाना बंद होऊन आठ महिने झाले होते. तिघांचा चार-चार महिन्यांचा पगार राहिला होता, आणि तिघांपैकी कुणी लांबून दिसला तरी मामा मला स्कूटर दुसऱ्या गल्लीत घालायला लावत.

वकीलबाईंनी पावत्या चाळताना डंकाची पावती बाजूला काढली. सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्या तिघांना देऊ नका, मामा. पगाराच्या बदल्यात वस्तू दिली असं होईल. ज्यांचं देणं आहे ते बाकीचे बोट दाखवतील. अर्ज अडकेल."

"बाई, चटणी हाय वो ती."

"चटणी असली तरी."

मामा वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली. दोन आठवडे तिघांच्या चटणीच्या तीन बरण्या स्वयंपाकघरात तशाच राहिल्या. मामी फडकं मारायच्या, मामा तिकडे बघायचे नाहीत.

अर्जाबरोबर घरातल्या वस्तूंची यादी जोडायची होती. वकीलबाई एकेक वाचत होत्या. "कपाट एक. शेगडी एक. चटणी, बरण्या चार..."

"येकच," मामा म्हणाले. "तीन खोडा."

"का?"

"त्या माझ्या न्हाईत. केल्या म्या, पर हायत त्येंच्या. माझ्याकडं नुसत्या ठेवल्यात."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तसं लिहावं लागेल. कधी नेणार आहेत ते?"

मामांनी नवा चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, परत काढला. चटणी झाल्याचं त्यांनी तिघांतल्या एकालाही कळवलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

"येतील की," ते म्हणाले. "दरसाली त्येंचं तेच येत्यात. सांगाय लागत न्हाय."