राजदूतला इंडिकेटर बसविण्याबाबत

आपण कुठे वळणार आहोत हे मागून येणाऱ्याला वेळेवर कळवणे, हा सुधारलेल्या समाजाचा पाया आहे. पवनी तालुक्यात हा पाया फार जुना आहे. वळताना येथे पुढीलपैकी एक खूण केली जाते: उजवा पाय हवेत काढणे, मान वाकडी करणे, किंवा रस्त्याच्या मधोमध थांबून समोरच्याशी धानाच्या गोष्टी करणे आणि त्या संपल्यावर वळणे. मागच्यांपैकी शेकडा सत्त्याण्णव लोकांना गाडीवाला कुणाकडे चालला हे ठाऊकच असते. (उरलेले तीन बाहेरगावचे. त्यांनी चौकशी करावी.)

मधुकररावांच्या राजदूत मोटारसायकलवर याहून प्रगत व्यवस्था होती. ती म्हणजे त्यांच्या पत्नी कुंताबाई. मधुकरराव वरठीकडच्या एका कारखान्यातून निवृत्त होऊन गावी परतलेले. त्यांची राजदूत तर इंडिकेटर ही चैन समजली जाई त्या काळातली. मागे एका अंगाने बसलेल्या कुंताबाई वळण आले की हिरव्या बांगड्यांचा उजवा हात लांब काढत. या हाताला बॅटरी लागत नसे, तो पावसात बंद पडत नसे आणि त्याला एसटीसुद्धा थांबत असे.

व्यवस्थेत दोष एकच होता. हात कुठे काढायचा, हे कुंताबाई ठरवत.

पवनीच्या अलीकडे उजव्या हाताला एक फाटा आहे. तेथून आत गेले की कुंताबाईंचे माहेर. (मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेले, माहेर तेवढे वर आणून वसवले.) मागे तिथल्या एका लग्नात मधुकररावांना जावयाच्या मानाचा दुपट्टा मिळाला, मानाची टोपी राहून गेली. तेव्हापासून सासुरवाडी त्यांच्या नकाशावर नव्हती. पण फाटा आला की हात निघे, मागची वाहने थांबत, आणि इतक्या लोकांना थांबवून सरळ निघून जाणे म्हणजे चारचौघांत शोभा. नाइलाजाने मधुकरराव वळत आणि मेहुण्याच्या, गोमाजीच्या, ओसरीवर तोंड फुगवून चहा पीत.

अशा माणसाला रस्ता सुरक्षेची तळमळ लागावी, यात नवल नाही. ती लागली नेमकी कुंताबाईंच्या भाचीचे, उर्वशीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, माहेरी ठरले त्याच आठवड्यात. उर्वशीला कुंताबाईंनी कडेवर वाढवलेले. तिच्या कपाळी पहिले कुंकू आपण लावायचे, हे त्यांनी ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकले होते.

मधुकररावांनी राजदूत केवळराम मिस्त्रीकडे नेली. केवळरामने बाणासारखे चार एलईडी दिवे लावले. हँडलवर मात्र एकच छोटा दिवा बसवून दोन्ही बाजूंच्या तारा त्यातूनच नेल्या. परिणामी डावे बटन दाबा की उजवे, चारही दिवे एकदम लुकलुकू लागले.

"लागू द्या ना काकाजी," केवळराम म्हणाला. "लोकं दोनच लावून फिरून राहिले. तुमाले चार भेटले."

चारही दिवे लागले म्हणजे गाडी सरळ चालली, असा आपल्याकडे सर्वमान्य अर्थ आहे. (नियमांच्या पुस्तकात तो नाही. पुस्तक सुधारले पाहिजे.) मधुकररावांना याहून काय हवे होते?

साक्षगंधाच्या सकाळी कुंताबाई नवे लुगडे नेसून मागे बसल्या. मधुकररावांनी पवनीत काम काढले होते.

"मोनूची माय, आता हात बाहेर काढाचा नाही. इंडिकेटर हाये."

"फाट्यावर वळान ना?"

"ते इंडिकेटर सांगन."

फाटा आला. चार दिवे लुकलुकू लागले. इतक्या वर्षांची सवय, कुंताबाईंचा हात निघालाच. मागे गावच्या कवडूचा ट्रॅक्टर थांबला, समोरून येणारी एसटी थांबली, दोन सायकली थांबल्या. राजदूत सरळ चालली होती. फाट्यावर गतिरोधक आहे. तेथे ती माणसाच्या चालीने जाते. हात दाखवलेला होता, वळणे भाग होते. राजदूत वळली नाही, म्हणून कुंताबाई वळल्या. त्या खाली उतरल्या.

"बसा बाई ट्रालीत," कवडू म्हणाला. "मी तिकडंच चाललो."

मधुकररावांची नजर हँडलवरच्या दिव्यावर खिळलेली होती. पुढे रस्ताभर लोक त्यांना हात करून मागे बोट दाखवत होते. सुधारणेचे असे कौतुक पाहून त्यांचा ऊर भरून आला. "चालूच ठेवले!" असे ते प्रत्येकाला ओरडून सांगत गेले.

पवनीच्या बाजारात गाडी स्टँडला लावली, तेव्हा मागच्या सीटवर फक्त कुंकवाच्या करंड्याची पिशवी अडकवलेली होती. बायको पडली की उतरली, हे चार दिव्यांपैकी एकानेही सांगितले नव्हते.

त्यांना गाडी मागे वळवायची होती. पण चार दिवे लुकलुकत होते, त्यामुळे हा माणूस सरळ जाणार याबद्दल बाजारात कुणालाच शंका नव्हती. कुणी थांबेना. शेवटी मधुकररावांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा हात बाहेर काढला. सगळे थांबले.

बायकोला शोधत, फाट्यावरून वळून ते सासुरवाडीला पोचले तेव्हा मांडवात नवरदेवाकडची माणसे खोळंबून बसली होती. कुंताबाईंनी कुणालाच कुंकू लावू दिले नव्हते.

"पिशवी आणली?" त्या म्हणाल्या. "द्या. अन् गोमाजी, यायले टोपी दे. मी सांगतलं होतं ना, येतेत म्हणून."

इंडिकेटर अजून गाडीवर आहेत आणि अजूनही चारही लागतात. वळायचे कुठे, ते हात सांगतो.

वाचकहो, तुमच्या गाडीला इंडिकेटर कारखान्यातूनच बसून आले असतील आणि ज्या बाजूचे दाबाल त्याच बाजूचे लागत असतील. शेजारच्या माणसाचा हात मांडीवर निमूट पडलेला असेल, आणि त्यालाच तुम्ही संसार सुरळीत चालला आहे असे समजत असाल. समजा. फक्त पुढचा गतिरोधक गेला की एकदा शेजारी पाहून घ्या.