लांजेवारकाकांचा रेनकोट

मे महिन्यात नागपूरची माणसं डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून घराबाहेर पडतात. आमचे शेजारी लांजेवारकाका रेनकोट घालतात. टोपीसकट. सक्करदऱ्याच्या भाजीबाजारात, अंगाची लाही होत असताना, हा माणूस गळ्यापर्यंत गुंड्या लावून शांतपणे वांगी निवडत असतो. कुणी विचारलंच, तर त्याचीच कीव आल्यासारखं बघतात. मला म्हणाले, "तिकडे पाऊस हाय ना वं!"

'तिकडे' म्हणजे फ्रान्समधलं एक जुनं बाजाराचं गाव. भोवती द्राक्षांचे मळे, मधोमध दगडी चौक आणि त्या चौकात पिढ्यान्‌पिढ्या भरणारा शनिवारचा बाजार. काकांचा एकुलता एक मुलगा, नितीन, तिथे वाइन बनवायला गेला. आणि काका तर खोकल्याचं औषधसुद्धा दारूचा वास येतो का ते हुंगल्याशिवाय पीत नाहीत. "तुले शेतकी कॉलेजात दारू गाळायले धाडलं होतं का?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला, तो ठेवलाच. तीन वर्षं झाली. अजूनही नितीनचा फोन आला की काका मोबाइल पालथा घालतात आणि वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसतात. घरात दुसरं कुणी नाही.

त्या चौकात एक कॅमेरा लावलेला आहे, इथे बसून कॉम्प्युटरवर सगळं दिसतं, हे काकांना मीच दाखवलं. तेव्हापासून शनिवारी दुपारी एक वाजला की त्यांचं ताट तसंच राहतं. मी गेले की मलाही खुर्ची मिळते. "मी फक्त बजार पाहून राहिलो," हे ते न विचारता सांगतात. चीज विकणाऱ्या जाड्या माणसाचं त्यांनी बंडू असं नाव ठेवलंय. "बंडू उशिरा आला आज. बायकोसंगं वाजलं असन." बंडूच्या शेजारी, निळ्या छताखाली, नितीन बाटल्या मांडत असतो. त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. फक्त तो भिजताना दिसला की इकडे खुंटीवरचा रेनकोट निघतो.

शेवटी मलाच राहवेना. मी नितीनला मेसेज करून सगळं कळवलं, रेनकोटसकट. चोंबडेपणाच तो, कबूल आहे.

पुढच्या शनिवारी तिकडे लख्ख ऊन होतं. काका बनियनवर निवांत बसले होते. इतक्यात निळ्या छताखालून नितीन बाहेर आला. अंगात पिवळा रेनकोट, गळ्यापर्यंत गुंड्या, डोक्यावर टोपी. चौकाच्या मधोमध येऊन तो कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. लोक वळून वळून बघत होते. बंडूने तर सुरी खाली ठेवली. नितीनने दोन्ही हात जोडले.

काका उठून स्क्रीनच्या इतके जवळ गेले की मला काही दिसेना.

"याडा हाय का वं हा पोट्टा? एवढ्या उन्हात!" आवाज चढवायला गेले आणि तो फाटलाच. "फोन लाव त्याले. तूच बोल. त्याले म्हण, काढ तो रेनकोट."

मी लावला. पलीकडून "हॅलो" आलं, तसा काकांनी माझ्या हातातून मोबाइल ओढून घेतला.

"नित्या, काढ तो अगोदर, घामानं भिजशीन," ते म्हणाले. मग बनियनच्या टोकाने नाक पुसलं.

"अन् द्राक्षं कशी हायेत रे औंदा?"